व्हीलचेअर नको म्हणताना: ट्रान्सव्हर्स मायलायटिसचं एक प्रकरण

मज्जारज्जूला सूज येऊन पाय अचानक गेलेल्या माणसाच्या घरी पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न विचारला जातो: चालायला कधी लागणार? डॉक्टरांना तोच, फिजिओला तोच, भेटायला येणाऱ्यांच्या तोंडीही तोच. प्रश्न रास्त आहे. पण या प्रकरणात त्या एका प्रश्नापायी लघवी, शौच, कातडी आणि बसणं हे सगळे विषय मागे पडले, आणि जे मागे पडलं त्यानेच पुढे चालण्याच्या तयारीची वाट अडवली. हे मी पुन्हा पुन्हा पाहते, म्हणून सविस्तर लिहावंसं वाटलं.

मी पुनर्वसन विभागात फिजिओथेरपी करते. एका बाईची म्हणून सांगितलेली ही हकीकत सारख्याच वाटेने गेलेल्या अनेकांच्या तपशिलांतून जुळवलेली आहे, म्हणजे कुणा एकाची ओळख उघड होत नाही. आजाराचा क्रम, उपचार आणि अडचणी मात्र जशा असतात तशाच ठेवल्या आहेत.

पहिले दोन दिवस

वय ३४, प्राथमिक शाळेत शिक्षिका. घरी नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. आधीचा कुठलाच आजार नाही. दोन आठवड्यांपूर्वी सर्दी-तापाने चार दिवस अंथरूण धरलं होतं, तेवढंच.

एका संध्याकाळी दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीत दुखायला लागलं आणि थोड्या वेळाने छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटू लागलं. वेदनाशामक गोळी घेऊन ती झोपली. सकाळी दोन्ही तळपायांना मुंग्या होत्या. चप्पल पायातून निसटली तरी तिला कळलं नाही, मागून येणाऱ्या मुलीने सांगितलं. दुपारी जिन्यात गुडघे दुमडले. जवळच्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. रात्री तिच्या लक्षात आलं की दुपारपासून लघवी झालेली नाही आणि ओटीपोट फुगून घट्ट झालं आहे. पहाटे रुग्णालयात नेईपर्यंत दोन्ही पाय पूर्ण लुळे पडले होते.

दोन्ही पायांतली ताकद जाणं आणि लघवी अडणं हे एकत्र आलं की तो अशक्तपणा नसतो. मज्जारज्जूवर काहीतरी घडतंय, आणि त्याच दिवशी एमआरआय झाला पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो. घरच्यांना दुसरं काही आठवलं नाही तरी चालेल, पण डॉक्टरांना सांगताना लघवीचं आधी सांगावं. लाजेपोटी ते शेवटी सांगितलं जातं, आणि त्यात तास जातात.

रुग्णालयात नळी घातल्यावर ९०० मिलिलिटर लघवी निघाली. एवढी भरली की निरोगी माणूस वेदनेने तळमळतो. तिला फक्त जडपणा जाणवत होता. टाचणी टोचून पाहिली तर स्तनाग्रांच्या रेषेपासून खाली काहीच कळत नव्हतं, वर सगळं नीट. हात शाबूत. गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नव्हता. मज्जारज्जूला अचानक इजा झाली की सुरुवातीचे काही दिवस ते आठवडे खालचे स्नायू असे सैल आणि निःशब्द पडतात. ताठरपणा नंतर येतो. त्यामुळे या टप्प्यावर गियाँ-बारे सिंड्रोमचा, म्हणजे मज्जारज्जूबाहेरच्या नसांच्या आजाराचा, संशय येणं साहजिक असतं, कारण त्यातही पाय लुळे पडतात आणि हातोडीला प्रतिसाद मिळत नाही. फरक दोन गोष्टींनी कळतो. गियाँ-बारेमध्ये अंगावर 'इथून खाली बधिर' अशी स्पष्ट रेष नसते, आणि लघवी सहसा इतक्या लवकर अडत नाही.

निदान

पूर्ण पाठीचा एमआरआय आधी केला तो दाब पाहण्यासाठी. सरकलेली चकती, गाठ, पू किंवा रक्त साचून मज्जारज्जू दाबला जात असेल तर काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते. तसं काही नव्हतं. छातीच्या दुसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या उंचीला मज्जारज्जू सुजलेला होता आणि शिरेतून दिलेला रंग तिथे उमटत होता. पाठीतून काढलेल्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, जंतू नव्हते.

याला ट्रान्सव्हर्स मायलायटिस म्हणतात. शरीराची प्रतिकारशक्ती मज्जारज्जूच्या एका पट्ट्यावर उलटते, तिथे सूज येते आणि त्याखाली जाणारे-येणारे संदेश थांबतात. बऱ्याचदा आधी एखादा संसर्ग होऊन गेलेला असतो. दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण १ ते ८ जणांना हा आजार होतो. तो कोणत्याही वयात होतो, पण १० ते १९ आणि ३० ते ३९ या दोन वयोगटांत अधिक दिसतो. २००२ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने ठरवलेल्या निकषांत वेळेलाही महत्त्व आहे: लक्षणं सुरू झाल्यापासून ती टोकाला पोहोचायला ४ तास ते २१ दिवस लागले पाहिजेत. त्याहून कमी वेळात पाय गेले तर मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका आधी घ्यायची. हिच्या बाबतीत दीड दिवस लागला होता.

सूज तीन किंवा अधिक मणक्यांच्या लांबीची असेल तर आणखी एक गोष्ट तपासावीच लागते. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नावाच्या आजारात मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा या दोन्हींवर वारंवार झटके येतात. २००४ मध्ये त्याची खूण ठरणारी प्रतिपिंडं रक्तात सापडली. ती अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनावर हल्ला करतात. ती असतील तर पुढचा झटका टाळण्यासाठी दीर्घकाळ औषध घ्यावं लागतं, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या दुसऱ्या आजाराची काही औषधं अशा रुग्णाला दिली तर आजार बळावतो. म्हणून तपासणीचं हे रक्त प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलण्याच्या उपचाराआधी घ्यायचं असतं, नंतर घेतलं तर प्रतिपिंडं धुऊन निघालेली असू शकतात. तिचं वेळेत घेतलं गेलं. अ‍ॅक्वापोरिन-४ निगेटिव्ह, मॉग ही दुसरी प्रतिपिंडंही निगेटिव्ह, मेंदूचा एमआरआय स्वच्छ. असा आजार बहुतेक वेळा एकदाच येतो.

उपचार नेहमीचे झाले. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज १ ग्रॅम, पाच दिवस शिरेतून. पायात काहीच हललं नाही, म्हणून एक दिवसाआड पाच वेळा प्लाझ्मा बदलला. चौथ्या आठवड्यात उजव्या पायाचा अंगठा किंचित हलला. घरात आनंदाला उधाण आलं, आणि 'चालणार' हा निर्णय त्या दिवशी सगळ्यांनी मनोमन करून टाकला.

डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते त्यांच्या कागदावरही लिहिलेलं आहे. या आजारात ढोबळमानाने एक तृतीयांश लोक चांगले सुधारतात, एक तृतीयांश लोकांना बरंच काही कमी राहतं, आणि एक तृतीयांश लोकांत फारसं परत येत नाही. सुधारणा बहुधा पहिल्या तीन महिन्यांत सुरू होते आणि दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकते. सुरुवातीलाच पाय पूर्ण लुळे पडलेल्यांनी पहिल्या गटाची खात्री धरू नये.

घरी

पाचव्या आठवड्याच्या शेवटी ती घरी आली. सोबत लघवीची कायमची नळी, गोळ्या, फिजिओच्या व्यायामांचा कागद, आणि त्यावर 'व्हीलचेअर व उशी घ्यावी' अशी ओळ. व्हीलचेअर घेतली गेली नाही. पैशांची अडचण नव्हती. सासूबाईंनी मला नंतर सरळ सांगितलं, "एकदा ती खुर्ची घरात आली की पाय चालायचं विसरतील, असं वाटलं हो." नवऱ्यालाही तसंच वाटत होतं. आणि तिला स्वतःला? ती म्हणाली, "मॅडम, खुर्ची मागितली असती तर मी हरले असं सगळ्यांना वाटलं असतं. मला त्यांचे चेहरे बघवले नसते."

या माणसांनी तिच्यासाठी जिवाचं रान केलं होतं, हे मी आधी नोंदवते. रोज दोन वेळा पायांना व्यायाम, तेल, दोघांनी धरून उभं करण्याचे प्रयत्न, सगळं चालू होतं. उरलेला वेळ ती पलंगावर उताणी किंवा लाकडी खुर्चीत बसलेली असे. छातीखालचे स्नायू धरत नसल्यामुळे साध्या खुर्चीत अशा माणसाचं अंग खाली घसरतं, पाठीचा कणा गोल होतो आणि सगळा भार माकडहाडावर येतो. शिवाय घसरताना कातडी ओढली जाते ती वेगळी. निरोगी माणूस बसल्या जागी नकळत दर काही मिनिटांनी हलतो, कारण बूड दुखतं. तिला दुखत नव्हतं.

दोन महिन्यांनी सासूबाईंना चादरीवर डाग दिसला. माकडहाडावर रुपयाएवढं तोंड असलेली जखम होती, आत मात्र बरीच रुंद, थेट चरबीपर्यंत पोहोचलेली. बेडसोरचं असंच असतं, वरून दिसतो त्यापेक्षा आतला नाश मोठा असतो. सुरुवात लाल चट्ट्याने होते. बोटाने दाबून सोडल्यावर लाली पांढरी पडून परत येत असेल तर ठीक, दाबूनही तशीच राहिली तर त्या जागेवरचा भार त्याच क्षणी पूर्ण बंद करायचा. सकाळ-संध्याकाळ आरशात किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात माकडहाड, बुडाची हाडं, घोटे आणि टाचा बघायला दोन मिनिटं लागतात. ते कुणी केलं नव्हतं, कारण ते बघायचं असतं हेच त्या घराला माहीत नव्हतं. घरी पाठवताना जेवढा वेळ चालण्यावर बोलणं झालं त्याच्या पावपट वेळ कातडीवर झालं असतं तरी पुरलं असतं.

जखम भरायला जवळपास तीन महिने गेले. त्या काळात बसणं बंद, उताणं झोपणं बंद, दिवसाचा मोठा भाग पालथं. उभं राहण्याचा सराव थांबला. जखमेमुळे पायांतला ताठरपणा भडकला. बधिर भागातल्या वेदनेला शरीर असाच प्रतिसाद देतं, माणसाला कळत नाही पण पाय झटके देतात. पालथं झोपून पावलं खाली ताणलेली राहिली आणि घोट्यामागचे स्नायू आखडले. ती आमच्याकडे आली तेव्हा आजाराला सात महिने होत आले होते. उजव्या मांडीत गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पाय उचलण्याइतकी ताकद आली होती, डावीकडे नुसती हालचाल होती, आणि दोन्ही टाचा जमिनीला टेकत नव्हत्या.

जखम झाली नसती तर ती चालली असती असं म्हणता येणार नाही. किती मज्जातंतू वाचले हे पहिल्या काही दिवसांतच बरंचसं ठरलेलं असतं. पण जी ताकद परत आली ती वापरायची कशी, हे शिकण्याचे सगळ्यात मोलाचे महिने पालथं पडून गेले. व्हीलचेअर आणि योग्य उशी घेऊन ती बसती झाली असती तर जखम टळण्याची शक्यता मोठी होती. खुर्ची चालण्याच्या आड येते हा समज या प्रकरणात नेमका उलटा ठरला.

१९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमान यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला. तोवर असे रुग्ण बेडसोरच्या संसर्गाने किंवा मूत्रपिंडं निकामी होऊन दगावत. गुटमान यांनी दर दोन तासांनी कूस बदलण्याचा दंडक घातला, रात्रीसुद्धा. मूत्राशयाची काळजी घेतली, आणि रुग्णांना अंथरुणातून काढून खुर्चीत बसवलं, कामाला लावलं, खेळायला लावलं. १९४८ मध्ये तिथे खुर्चीत बसून झालेली तिरंदाजीची स्पर्धा हीच पुढच्या पॅरालिम्पिकची सुरुवात. ज्या माणसाने हे रुग्ण जगवून दाखवले, त्याने त्यांना आधी खुर्चीतच बसवलं होतं.

नळी काढण्याचा दिवस

आमच्याकडे आल्यावर पहिलं काम पायांचं नव्हतं. कायमची नळी काढून तिला स्वतः नळी घालून लघवी काढायला शिकवायचं होतं. १९७२ मध्ये जॅक लॅपिडीस या अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञाने दाखवून दिलं की यासाठी निर्जंतुक खोली लागत नाही, स्वच्छ धुतलेले हात पुरतात. महत्त्वाचं आहे ते मूत्राशय वेळेवर रिकामं होणं.

परिचारिका तिला शिकवत होती तेव्हा मी तिची बसण्याची पद्धत ठरवायला तिथे होते. मांड्यांच्या मध्ये एक छोटा उभा आरसा. साबणाने हात धुऊन तिने डाव्या हाताच्या दोन बोटांनी जागा मोकळी केली, उजव्या हातात पातळ नळी. पहिल्यांदा ती योनीत गेली. परिचारिका म्हणाली, "ती तिथेच राहू द्या, खूण म्हणून. आता दुसरी घ्या आणि त्याच्या जरा वर." दुसरी बरोबर गेली आणि मोजपात्रात लघवी पडल्याचा आवाज आला. ३८० मिलिलिटर. तिने वहीत वेळ आणि आकडा लिहिला. आजारपण आल्यापासून आपल्या शरीराचं काही आपण स्वतः केलं असं ते पहिलंच, असं ती म्हणाली. काही दिवसांनी तिला आरशाची गरज उरली नाही.

नियम असा ठरला: दर चार ते सहा तासांनी नळी, आणि एका वेळी ५०० मिलिलिटरच्या वर साचू द्यायचं नाही. पाणी कमी पिऊन वेळ वाढवायचा नाही. मधेच गळती होत होती, कारण ताठरपणाच्या टप्प्यात मूत्राशयही आकुंचन पावतं आणि त्याच वेळी खालची झडप घट्ट मिटते. त्या दाबाने मूत्रपिंडांना धोका असतो. ऑक्सिब्युटिनिन हे मूत्राशय सैल करणारं औषध सुरू केल्यावर ते आटोक्यात आलं. ते पुरलं नसतं तर मूत्राशयाच्या भिंतीत बोटॉक्सची (स्नायू सैल करणारी) इंजेक्शनं हा पुढचा मार्ग होता. आणखी एक गोष्ट घरच्यांना समजवावी लागली. नळी घालणाऱ्यांच्या लघवीत जंतू सापडणं नेहमीचं आहे. ताप, थंडी, वाढलेली गळती किंवा वाढलेला ताठरपणा नसेल तर नुसत्या रिपोर्टवरून अँटिबायोटिक घ्यायचं नाही. नाही तर खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही.

शौचाचं त्या मानाने लवकर बसलं. रोज ठरलेल्या वेळी, खाल्ल्यानंतर अर्ध्या तासात, कमोड खुर्चीवर बसून सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) आणि बोटाने हलकं उद्दीपन. पहिले काही आठवडे वेळ चुकत होती, मग आतड्यांना सवय झाली. बाहेर पडल्यावर आपली फजिती होईल ही भीती या एका सवयीने जाते, आणि ती भीती पायांपेक्षा जास्त माणसं घरात डांबून ठेवते.

डोकेदुखीची दुपार

एका दुपारी व्यायामाच्या मध्येच ती म्हणाली, "मॅडम, डोकं फुटतंय." कपाळावर घामाचे थेंब होते, चेहरा आणि मान लाल, हात लावून पाहिलेले पाय मात्र थंड आणि कोरडे. तिचं नेहमीचं रक्तदाबाचं माप १०० च्या आसपास असे. त्या क्षणी वरचा आकडा १६८ होता.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर मज्जारज्जूची इजा असलेल्या प्रत्येक माणसाला आणि त्याच्या घरच्यांना हे माहीत असायलाच हवं. खालच्या अंगात काही त्रासदायक घडलं की रक्तवाहिन्या आवळतात, आणि मेंदूचा 'सैल करा' हा निरोप इजेच्या खाली पोहोचत नाही. रक्तदाब चढत जातो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात, आणि वेळेत कारण दूर केलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. रक्तदाबाची गोळी हा पहिला उपाय नाही. आधी रुग्णाला ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, पट्टे आणि कपडे सैल करायचे, आणि कारण शोधायचं. बहुतेक वेळा ते मूत्राशयात असतं.

तिला विचारलं तेव्हा कळलं, सकाळी माहेरची माणसं भेटायला आली होती आणि त्यांच्यासमोरून उठून नळी घालायला तिला संकोच वाटला होता. ७०० मिलिलिटर निघाली. काही मिनिटांत डोकेदुखी उतरली, आकडा ११० वर आला. नवऱ्याने तो सगळा प्रकार उभा राहून पाहिला होता. त्या दिवसापासून तिच्या पर्समध्ये एक कार्ड आहे: इजेची पातळी, नेहमीचा रक्तदाब, काय करायचं. तिच्यासारख्या माणसाचा १४० हा आकडा एखाद्या नव्या डॉक्टरला साधारण वाटू शकतो, म्हणून नेहमीचा आकडा लिहिणं गरजेचं.

खुर्ची

व्हीलचेअर मोजमाप घेऊन आली तेव्हा सासूबाई खोलीच्या बाहेर जाऊन बसल्या. मी त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांना जखमेचं सगळं गणित सांगितलं: कोणत्या हाडावर भार येत होता, या उशीवर तो कसा वाटला जातो, दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे वाकून किंवा बाजूला झुकून दोन मिनिटं बूड मोकळं का करायचं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ही खुर्ची तिची जखम होऊ देणार नाही." दुसऱ्या दिवसापासून दर अर्ध्या तासाने सुनेला वाकायची आठवण करण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. आमच्या विभागात त्यांच्याइतकं काटेकोर कुणी नव्हतं.

खुर्चीबाबत एक आग्रह मी नेहमी धरते. बाजारात मिळणारी रुंद, जड, मागून ढकलायची खुर्ची म्हणजे दवाखान्यातून गाडीपर्यंत न्यायचं साधन. रोज आठ-दहा तास बसायचं असेल तर बसण्याची रुंदी कमरेच्या मापाची, पाठ माफक उंच, चाकं हाताला सहज येतील अशी, आणि वजन कमी लागतं. उशीवर खुर्चीइतकाच विचार करावा. घरात त्यांनी बाथरूमचं दार मोठं करून घेतलं आणि उंबरा काढला. बाहेर पायरीला उतार केला, एक फूट चढायला बारा फूट लांब या प्रमाणात.

ताठरपणासाठी बॅक्लोफेन चालू आहे. ती गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकतात आणि भास होऊ शकतात, म्हणून प्रवासात दोन ठिकाणी ठेवते. छातीभोवतीचा पट्टा आणि पायांतली आग प्रीगॅबालिनने कमी झाली, गेली नाही. उन्हात किंवा तापात पाय अधिक जड होतात. आजाराचा नवा झटका आला असं समजून ती एकदा घाबरली होती, अंग थंड झाल्यावर पूर्ववत झालं. इजेखालचं अंग घाम गाळत नसल्याने तापमान सांभाळायला तिला बाहेरून मदत लागते. गरम पाण्याची पिशवी आणि मांडीवरचा लॅपटॉप या दोन गोष्टी घरात कायमच्या बंद केल्या, कारण भाजलेलं कळत नाही.

मनाचं सांगितलं नाही तर हे प्रकरण अर्धं राहील. जखमेच्या काळात ती दिवसेंदिवस बोलत नसे. मुलीला जवळ घेत नसे. घरचे त्याला थकवा म्हणत होते. आमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी ते नैराश्य म्हणून ओळखलं आणि औषध व बोलणं दोन्ही सुरू केलं. ट्रान्सव्हर्स मायलायटिसनंतर नैराश्य खूप जणांना येतं आणि ते पायांच्या ताकदीच्या प्रमाणात असतंच असं नाही. व्यायामात तिची खरी गती त्या उपचारांनंतर आली. व्हीलचेअरवरून पलंगावर आणि पलंगावरून व्हीलचेअरवर आधाराशिवाय जायला ती शिकली तेही त्यानंतरच. मला विचाराल तर मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या महिन्यातच टीममध्ये असायला हवेत.

आज

आजाराला आता दीड वर्ष होऊन गेलं. टाचा प्लास्टर बदलत बदलत आणि बोटॉक्स देऊन जमिनीला टेकवल्या. पायांना आधार देणारे कॅलिपर लावून, वॉकर धरून ती खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. त्याला इतकी शक्ती लागते की त्यानंतर तासभर तिला दुसरं काही होत नाही. म्हणून कॅलिपर हाडांसाठी, ताठरपणासाठी आणि उभं राहण्याच्या समाधानासाठी. दिवस काढायचा तो व्हीलचेअरवर. हे वाटप तिने स्वतः ठरवलं. कुणी विचारलं की चालायला लागलात का, तर ती सांगते, "थोडं. पण शाळेत खुर्चीवर जाते."

शाळेने तिचा वर्ग तळमजल्यावर आणला आणि फळा खाली घेतला. मधल्या सुट्टीत नळी घालता येईल एवढ्या रुंद दाराचं स्वच्छतागृह तिथे आहे, ते नसतं तर नोकरी परत सुरू झाली नसती. वर्षातून एकदा मूत्रपिंडांची सोनोग्राफी होते. शेवटची स्वच्छ आली. डोळ्यांत दुखणं, एका डोळ्याने धूसर दिसणं किंवा वर चढत जाणारा नवा बधिरपणा आला तर थेट न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं आणि अ‍ॅक्वापोरिन-४ ची तपासणी पुन्हा करायची, हे तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर आहे.

मागच्या भेटीत ती आणि तिचा नवरा दुसऱ्या मुलाबद्दल विचारायला आले होते. पाळी पूर्ववत झालेली आहे आणि गर्भ राहण्याच्या क्षमतेत या आजाराने सहसा फरक पडत नाही. मात्र तिच्या तीनही मुख्य गोळ्यांचा आधी विचार करावा लागेल, गरोदरपणात वजन वाढेल तशी उशी आणि कातडीची तपासणी बदलावी लागेल, लघवीचा संसर्ग वाढू शकतो. कळा तिला कळतीलच असं नाही, आणि कळांमुळे डिसरिफ्लेक्सिया होऊ शकतो. म्हणून पाठीतली भूल लवकर देण्याचं आधीच ठरवून ठेवतात. गोळ्यांची यादी न्यूरॉलॉजिस्टकडे गेली आहे. प्रसूतितज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ या दोघांची भेट पुढच्या महिन्यात ठरली आहे, आणि दोघांनी एकाच वेळी खोलीत असावं अशी विनंती तिने स्वतः फोन करून केली.